गुडघ्याचा नवस

लालासाहेब हवालदार पेन्शनीत आला तो एक खूळ घेऊन आला. पलटणीतनं येणारी माणसं ट्रंक आणतात, रमच्या बाटल्या आणतात, हिंदीत शिव्या द्यायला शिकून येतात. ह्यानं ते सगळं आणलंच, वर हे एक. नोकरीची शेवटची वर्षं त्याची हिमालयाच्या पायथ्याला गेली. तिथं एक नॅशनल पार्क होतं. उन्हाळा आला की साहेब लोक, कॉलेजातली पोरं पाठीवर पिशव्या मारून त्या जंगलात शिरायची. चालायचं, दमलं की तंबू ठोकायचा, भात शिजवून खायचा, झोपायचं, सकाळी उठून परत चालायचं. वाटेत देव नाही, पाहुणा नाही, बाजार नाही. लालासाहेबाची ड्युटी जंगलाबाहेरच्या डेपोत. आत जायची पाळी त्याला कधी आली नाही.

गावात येऊन त्यानं पारावर हे सांगितलं, तेव्हा ट्रॅक्टरवाला बाळासो म्हणाला, "नॅशनल पार म्हंजे काय रं? त्याला वड आसतोय का पिंपळ?"

"पार न्हवं, पार्क. जंगल. आपल्याकडं बी हाय की. शिराळ्याच्या वर चांदोलीकडं गेलास की म्होरं जंगलच जंगल. चार दिवस चालायचं, कड्यावर निघायचं. खाली सगळं कोकण."

"आन् कड्यावर जाऊन काय करायचं?"

"बगायचं."

"काय?"

"कोकण."

"मग यष्टीनं जा की. चिपळूणला उतर आन् बग पोटभर."

पार हसला. पण लालासाहेबाला त्या हसण्याची फिकीर नव्हती, त्याला घाई होती. आधीच्या एका पोस्टिंगवर बर्फावरनं घसरून त्याचा उजवा गुडघा दुखावला होता. मिरजेच्या डॉक्टरनं बघून सांगितलं होतं, वाटी झिजत चाललीय, दोन-तीन वर्षांत काठी लागेल, पुढचं सांगता येत नाही. पाय आहे तोवर एकदा त्या कड्यावर पोचायचं, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्यानं दुसरं काही हौसेनं मागितलेलं मला आठवत नाही.

त्याला जोडीदार मिळाला एकच, निजाम मुलाणी. लहानपणचा सवंगडी. आष्ट्याला शिलाईचं दुकान, गावात मुलाण्याचा मान. आमच्याकडं बकरं देवाचं असलं तरी सुरी फिरवायला मुलाणीच लागतो. निजामनं जाड कापड शिवून तंबू केला. दोघांनी तो उसाच्या बांधावर ठोकून बघितला. आत दोन माणसं मावायची, पण पाय बाहेर.

"लाला, ह्यो तंबू हाय का तिरडीवरचं झाकान?" निजाम म्हणाला.

"तू शिवलायस. तूच सांग."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात निघायचं ठरलं. लालासाहेब अंगणात बांधाबांध करायला लागला आणि तिथंच घोटाळा झाला. त्याची बायको मनुबाई आधी नुसती टोमणे मारत होती. "रानात झोपायची हौस आसंल तर आपल्या रानात झोपा की. उसाला पानी तरी लागंल." पण चार दिवसांचं अंथरूण, भांडीकुंडी घेऊन नवरा पालात राहायला निघालाय, ही बातमी तिच्या माहेरी पोचली. आमच्याकडं माणूस घर सोडून जातो तो देवाला, लग्नाला, मयताला, नाहीतर भांडून. चौथा दिवस उजाडायच्या आत तिचे दोन भाऊ दारात हजर. पाणीसुद्धा न पिता त्यांनी विचारलं, "काय चुकलं आमच्या बहिनीचं?"

"कुणाचं काय चुकलं न्हाई. मी फिराय चाललोय."

"बायकापोरं टाकून कोन फिरतंय?"

मनुबाई चुलीपुढं बसून डोळ्याला पदर लावायला लागली. भाऊ उठेनात. दारात गर्दी जमली. लालासाहेबानं युद्ध बघितलेलं होतं, पण मेव्हण्यांपुढं त्याचं डोकं चालेना. तो बोलून गेला, "आवं, नवस हाय माजा. जंगलाच्या तोंडाला वाघजाई हाय, तिला बोललोय."

झालं. मनुबाईनं तिथल्या तिथं हात जोडले. "आदी न्हाई सांगायचं?" मेव्हण्यांनी पाणी मागितलं, मग चहा, मग जेवण. आणि जेवता जेवता थोरला म्हणाला, "देवाचं हाय तर एकट्यानं जाऊन कसं चालंल?"

मंगळवारी बाळासोच्या ट्रॉलीत भावकी बसली. बायका, पोरं, पीठमीठ, बकरं. निजाम पण होता. त्याच्या पिशवीत सुरी होती.

"मला वाटलं तू जोडीला येतोस," लालासाहेब हळूच म्हणाला.

"मी जोडीलाच आलोय रं. पन बकऱ्याच्या."

वारणेच्या कडेकडेनं धूळ खात ट्रॅक्टर देवळाशी पोचला. देऊळ एवढंसं. मागं ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं चढाला लागलेलं घनदाट जंगल. तंबू ठोकला, पण त्यात बायकांनी भाकरीची टोपली आणि झोपलेली पोरं ठेवली. लालासाहेबानं मनात ठरवलं होतं, बकरं पडू दे, जेवणं होऊ देत, ही माणसं परत गेली की आपण आणि निजाम वर सुटू.

तेवढ्यात गुरवानं विचारलं, "नवस कशाचा?"

ह्याचा विचार त्यानं केलेलाच नव्हता. "गुडघ्याचा," तो म्हणाला. लंगडत आल्यावर दुसरं काय म्हणणार?

"मग गुन आला का?"

लालासाहेब "आला" म्हणणार होता. खरं सांगायचं तर म्हणायलाच पायजे होतं. पण मनुबाईच आधी बोलली, "कशाचा गुन? रातभर कन्हत आसत्यात."

गुरवानं डोळे मिटले. "मग नवस फिटतोय कसा? ह्ये बकरं नुस्तं आठवनीचं झालं. गुन येईस्तवर दरसाल यायचं. गुन आला की मग फेडायचा. आन् तवर वरच्या रानात पाय घालायचा न्हाई. ती हद्द देवीची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवस मावळायला ट्रॉली भरली आणि लालासाहेबाला मधे बसवून परत आणला.

दुसऱ्या साली गुडघ्याची देवी म्हणून वाघजाईची कीर्ती वाढली होती. गुडघेदुखीवाली, कंबरदुखीवाली म्हातारी माणसं आपापली बकरी घेऊन आली. निजाम सकाळपासून कोपरापर्यंत रक्तात. "तू हो म्होरं, मी आलोच," असं तो लालासाहेबाला म्हणाला. लालासाहेब ओढ्याशी वाट बघत बसला आणि दिवेलागणीला निजामचं शेवटचं बकरं सोलून झालं.

तिसऱ्या साली लालासाहेब एकटाच निघाला. जेवून माणसं सावलीला आडवी झाली होती. काठी टेकत त्यानं ओढा ओलांडला, चढाला लागला. करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या आणि गुडघा धरला. ना पुढं, ना मागं. त्याची जागा रिकामी दिसली तशी मनुबाईनं माणसं पळवली, बाळासोनं त्याला पाठंगुळीला मारून खाली आणला.

"देवीला न इचारता हद्द वलांडली," गुरव म्हणाला. "पुढल्या बारीला दोन बकरी."

परतताना ट्रॉलीत निजाम त्याच्या कानाशी म्हणाला, "खोटं हुतं म्हनून सांगून टाक की गड्या. सुटशील."

"आता सांगितलं तर म्हनतील, खोटं बोलला म्हनून गुडघा गेला. आन् दोनाची चार बकरी करतील."

"मग काय करायचं?"

"तू सुरीला धार लाव."

पुढच्या साली काठीवर भागेना. ट्रॉलीतनं दोघांनी उचलून त्याला देवळापुढं बसवला. नवसकऱ्यानं देवीकडं तोंड करून बसायचं असतं, म्हणून जंगल पाठीला राहिलं. मान वळवायला लागला की मनुबाई म्हणायची, "आवं, समोर बगा. तिच्याकडं बगितल्याबिगर गुन कसा येनार?"

तो समोर बघत बसला. गुरवानं पाटावर तांदूळ मांडले आणि लालासाहेबाच्या मागं रांगेला असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुमचा नवस कशाचा?"