माझ्या वजनाचा गूळ

वजन कमी करायचा निश्चय केल्यावर चार महिन्यांत माझं वजन नऊ शेरांनी वाढलं. (तेव्हा चाळीस शेरांचा मण असे. किलो अजून आमच्याकडे यायचा होता.) मोजण्यात चूक झाली असेल म्हणाल, तर माझा धंदाच मोजण्याचा होता. कापसातून सरकी काढायचा कारखाना, ज्याला तिकडे जिन म्हणतात, तिथे मी तराजूवर कामाला होतो. दिवसभर गाड्या यायच्या, कापूस तोलायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. दर शनिवारी सगळे गेले की मी स्वतःच पारड्यात बसायचो आणि आकडा मनातल्या मनात ओरडायचो.

मी मूळचा कोकणातला. चौथीत शाळा सुटली. (मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही.) गावातल्या एकाच्या ओळखीने दोन दिवसांचा प्रवास करून नंदुरबारला उतरलो, तिथून पुढे तापीकाठच्या एका गावात आलो आणि आबा आणि जिजी या वयस्कर जोडप्याच्या पडवीत वळकटी टाकली. जातीचे गुजर, मळेकरी माणसं. केळी, ऊस, थोडा कापूस. दोन्ही लेकी सासरी गेलेल्या. आपसात गुजरी बोलायची, माझ्याशी अहिराणी आणि म्हशीशी दोन्ही. मला सुरुवातीला कुठलंच कळत नसे. सगळ्याला मान हलवायचो, आणि जेवताना मान हलवली की ताटात भाकरी पडते एवढं मात्र लवकर शिकलो.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांतलं मला फार थोडं आठवतं. जिनमधला कापूस छपरातून भुरभुर पडतोय, त्याचे ढग झालेत आणि मी एका ढगावर निजलोय असं सारखं वाटे. मधेच ढगातून एक बांगड्यांचा हात यायचा आणि तोंडात चमचा घालायचा. तो जिजीचा हात. अंगातून ताप उतरला तेव्हा कादरचाचांनी, म्हणजे आमच्या जिनच्या मुख्य तोलाऱ्याने, मला उचलून पारड्यात ठेवलं. एक मण सहा शेर. चाचा म्हणाले, यापेक्षा ओला कापूस जड भरतो.

त्यानंतर जिजीने मला खाऊ घातलं. एवढंच लिहून मी पुढे जातो, कारण त्याचं वर्णन करायला बसलो तर जागा पुरायची नाही. श्रावण सरता सरता माझ्या सदऱ्याची बटणं काजांना भेटेनाशी झाली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट आईला पत्रात कळवलंसुद्धा, की तुझा मुलगा आता दारातून आत येताना दिसतो.

मग भाद्रपदात तापीला पूर आला. पाणी उतरल्यावर मी आणि आबा बांधावर उभे राहिलो. ऊस आडवा झाला होता, बराचसा कुजणार हे दिसत होतं. आबांनी एक आडवा ऊस उचलून पाहिला. मग म्हणाले, "दोन मण गूळ निंघना तरी देवनी दया. आनि तुन्ही जिजीनी तर तुन्हा वजनना नवस करेल शे."

मला वाटलं, मला अहिराणी अजून नीट येत नाही. पण आबांनी पुन्हा सांगितलं. मी तापात बरळत असताना जिजी गावाबाहेरच्या देवीपुढे पदर पसरून बोलून आली होती, "हाऊ पोऱ्या उठी बठू दे, माय. मी त्यान्हा वजनना गूळ वाटसू." पौषातल्या जत्रेत, भर देवळापुढे मला तराजूत बसवायचं, समोरच्या पारड्यात घरचा गूळ टाकायचा आणि तो सगळ्या जत्रेला वाटायचा. आबांनी हे अगदी साधेपणी सांगितलं आणि नजर माझ्या पोटावरून उसाकडे व उसावरून पोटाकडे नेली.

त्या शनिवारी मी पारड्यात बसलो. एक मण चौतीस शेर! म्हणजे सगळ्या वर्षाच्या गुळातून घराला उरणार सहा शेर. त्या घरात चहा गुळाचा, लेकी माहेरी आल्या की पोळ्या गुळाच्या, गड्याला न्याहारीला गूळ-भाकरी. परका पोर म्हणून आलो, पडवी घेतली, जिजीची झोप घेतली, आता वर्षाचा गोडवाही गिळून बसणार. मी मनाशी ठरवलं, पौषापर्यंत दीड मणावर यायचं. जेवढे शेर मी उतरेन तेवढे शेर त्यांच्या मडक्यात राहतील. जिजीला हे सांगायची सोय नव्हती. नवसातून गूळ वाचवतोय म्हटलं असतं तर तिने कान धरला असता, आणि 'भूक नाही' हे दोन शब्द त्या घरात तापाचं लक्षण म्हणून धरले जात.

म्हणून मी धार्मिक झालो. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, एकादशी आणि चतुर्थी आपण होऊन आल्या. पोराला देवाची ओढ लागली म्हणून जिजी हरखली. तिने मला उपाशी ठेवलं असेल असं वाटत असेल तर तुम्ही जिजीला ओळखत नाही. साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेली रताळी, दुधात कुस्करलेली केळी, आणि वर 'उपासवाला पोऱ्या' म्हणून शेजारणींनी झाकून पाठवलेल्या वाट्या. महिन्याअखेरीस मी तीन शेरांनी अधिक पुण्यवान झालो होतो. सगळे उपास एकदम सोडले. जिजीला सांगितलं, देवाने स्वप्नात येऊन पुरे म्हटलं.

मग मोजून खायला लागलो. सकाळी एक भाकरी, रात्री एक भाकरी, तोंडी लावायला ठेचा. दूध नाही, भात नाही, वरणावरचं तेल चमच्याने बाजूला काढायचं. जिजी माझ्याकडे टक लावून पाही, पण काही बोलत नसे. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

जोडीला व्यायाम. कादरचाचा तरुणपणी तालमीत गेलेले. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणून मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. पहाटे नदीत जा, वाळूतून पळ, वाळू पाय धरते, तिच्याशी भांड, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी गोठ्यामागे पन्नास दंड, शंभर बैठका. बैलगाडीत बसणं बंद, जिनपर्यंतचे अडीच मैल पायी.

त्या पहाटा मला अजून दिसतात. तापीवर धुकं बसलेलं असे. पाणी कुठे संपलं, वाळू कुठे सुरू झाली आणि आभाळ कुठे टेकलं, काही कळायचं नाही. पलीकडे सातपुडा असेल यावर विश्वास ठेवून चालायचं. मी पळत सुटलो की थोड्या वेळाने पायाखालची वाळू लागेनाशी व्हायची. वाटायचं, आपण हलके होतोय. अजून दहा पावलं, की कापसाच्या पुंजक्यासारखे वर उठू, जिनच्या छपरावरून, केळीच्या बागांवरून तरंगत जाऊ, थेट समुद्रापर्यंत, आणि आई अंगणात वाळवण घालताना वर बघून म्हणेल, हा कोण वाऱ्यावर चाललाय. खाली देवीपुढे पारडं रिकामं डुलत असेल आणि जिजी दोन्ही हातांनी गूळ परत मडक्यात भरत असेल. मग धाप लागायची, मी मटकन वाळूत बसायचो आणि तिथे पडलेल्या खळग्यावरून माझं वजन कोणीही सांगितलं असतं.

दर शनिवारी आकडा वाढत होता. मी चाचांना म्हटलं, तराजूत खोट आहे. तोलाऱ्याला तराजूबद्दल असं बोलणं म्हणजे शिवीच. पण चाचांनी शांतपणे दांडी तपासली, वजनं एकमेकांशी ताडून पाहिली, पारड्यांच्या साखळ्या पुसल्या आणि म्हणाले, "बेटा, काटा सही है. गडबड तेरे में है."

मार्गशीर्षात गुऱ्हाळ लागलं. वाचलेला ऊस गाळून बरोबर दोन मण गूळ झाला. मीच तोलला. सोनेरी ढेपा पडवीत, माझ्या उशाशी रचल्या. त्यांचा वास घेत मी निजायचो आणि स्वप्नात त्या एकेक करून उठून देवळाकडे चालू लागायच्या.

जत्रेचा दिवस उजाडला. जिनचा मोठा तराजू चाचांनी गाडीत घालून आणला आणि देवळापुढे तीन बल्ल्यांच्या तिवईला टांगला. आबांनी मला आपला लोकरीचा जाड कोट घातला, डोक्याला फेटा बांधला, नवं धोतर नेसवलं, पायात जोडा. अख्खं गाव जमलेलं. नवरदेवासारखा मी पारड्यात बसलो. आबा समोरच्या पारड्यात ढेपा ठेवू लागले.

आणि इथे मी माझ्या धंद्याला काळं फासलं. पारडं जमिनीपासून वीतभर उंच. मी पाय दुमडल्यासारखं केलं आणि धोतराच्या निऱ्यांआडून उजव्या जोड्याची टाच जमिनीवर रोवली. कापूस तोलताना कोण कुठे काय टेकवतो हे बघायलाच मला पगार मिळत असे. ती सगळी विद्या मी आज देवीपुढे उलटी वापरली. पाचव्या ढेपेलाच माझं पारडं उचललं. एक मण पुरा झाला नव्हता. मनात म्हटलं, सुटलो. निम्म्याहून जास्त गूळ घरी परत जाणार.

गर्दीतून नवलाचा आवाज उठला. मी मोठ्या अभिमानाने जिजीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला आणि चाचांना म्हणाली, "कादरभाऊ, येले उतारा. पोऱ्या अर्धा व्हई गया. येले परत ताप उना व्हई."

तिचा तो हात मला ओळखीचा होता. ढगातून यायचा तोच. चाचा दांडीचा काटा बघायच्या निमित्ताने वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "पाँव उठा."

मी टाच उचलली.

धाडकन माझं पारडं जमिनीला लागलं. समोरचं असं उसळलं की वरची ढेप उडाली आणि आबांच्या पायाशी फुटली. मग जिजी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळे पुशीत, इतकी हसली की शेजारणींनी तिला धरलं. मला रागवायचं सोडून ती सगळ्या जत्रेला सांगू लागली, की हा चार महिने खाणं चोरत होता आणि याला वाटत होतं जिजीला दिसत नाही. तापाने पुन्हा धरलं असं समजून ती भाकरीचं पीठ दुधात मळत होती, ठेच्यात शेंगदाणे कुटून घालत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू एक भाकर खाये. मंग मी तीन भाकरीसनं तूप एकमा घालू."

मी सांगितलं, मला गूळ वाचवायचा होता. जिजीचं हसू थांबलं. "गूळ पुढला सालले परत व्हई," ती म्हणाली, "पोऱ्या व्हस का?" आणि तिने स्वतःच्या हाताने फुटलेल्या ढेपेचे तुकडे वेचून पारड्यात टाकले.

एकेक करून सगळ्या ढेपा चढल्या. दोनही मण संपले. माझं पारडं जमिनीवरच. वजनं टाकून पाहिली तर मी भरलो दोन मण तीन शेर. नवस घरच्याच गुळाचा, त्यात शेजारचा चालत नाही असं पुजाऱ्याने सांगितलं. आबांनी रिकाम्या पोत्यात हात घालून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि निर्णय दिला, "गूळ सरना. आते पोऱ्याच कमी करना पडी."

प्रथम फेटा उतरला. मग जोडा. मग लोकरीचा कोट, तेव्हा दांडी किंचित हलली आणि गर्दीत आशा निर्माण झाली. सदरा गेला. पौषातली थंडी, तापीवरून येणारा वारा आणि पुढच्या रांगेत बसलेल्या बायाबापड्या. मी जिजीकडे दयेची भीक मागितली. ती हात जोडून देवीकडे बघत होती. शेवटी आबांनी धोतराला हात घातला, आणि लंगोटीवर, शहारलेला, मी हळूहळू वर उठलो. खरंच तरंगत. धुक्यात वाटायचं तसं. काटा मधोमध येऊन थांबला आणि चाचांनी सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा आकडा पुकारला.

त्या वर्षी आमच्या घरात बिनगोडाचा चहा होता. कोणी एका शब्दाने बोललं नाही. जिजी माझ्या कपात दूध जास्त घाली, एवढंच.

कोणी विचारलं, की एवढा उपास, एवढा व्यायाम, त्याने कधी वजन उतरलं का? तर हो, उतरलं. भर देवळापुढे, शेकडो माणसांच्या साक्षीने, पाच मिनिटांत तीन शेर उतरलं. सगळंच्या सगळं कपड्यांचं होतं.