जवळ बसा म्हणणारे गोपाळराव

गोपाळरावांच्या जिभेवर सरस्वती नाचते, असं सेनगावात कुणीही सांगेल. वडील मारुतीच्या देवळात पूजा करायचे आणि कीर्तनही, त्यामुळे शब्दांची घरात कधी टंचाई नव्हती. सरकारी नोकरीत त्यांच्या वाट्याला कुष्ठरोगाचं काम आलं. गावोगाव फिरायचं, अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या द्यायच्या आणि घरच्यांना समजवायचं. गोळ्या काय, कुणीही देईल. खरी मेख समजवण्यात, आणि त्यात गोपाळरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. शिवल्यानं हा रोग होत नाही, सोबत जेवल्यानं होत नाही, गोळ्या सुरू झाल्या की धोका टळला, हे ते इतक्या गोडीनं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सर्दी-पडशाचंच काहीतरी असेल.

साखरा गावच्या जनकाबाईच्या घरी मात्र ही सरस्वती उपयोगाला आली नाही. बौद्ध कुटुंब, कष्टाळू माणसं. जनकाबाईच्या पाठीवर चट्टा निघाला, बोटं बधिर झाली. रोगाचं नाव कळलं तसं सुनेनं, करुणानं, सासूचं ताट वेगळं काढलं, बाज गोठ्याकडच्या पडवीत टाकली आणि चार वर्षांच्या संबोधीला आजीजवळ जायची बंदी केली. ताटाचं आणि बाजेचं म्हातारीनं मनावर घेतलं नाही. नात मांडीवरून उठली, तिथं ती खचली.

गोपाळरावांनी पडवीच्या तोंडाशी उभं राहून सगळं समजावलं. करुणाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. तिनं चहा केला. जनकाबाईनं बाजेवर सरकून जागा केली आणि कप स्वतःच्या हातानं पुढं धरला. गोपाळरावांचा हात निघाला, पण अर्ध्या वाटेवरून वळला आणि रुमाल काढायला खिशात गेला. "आज उपास आहे माझा," ते उभ्याउभ्याच म्हणाले.

उपासाला चहा चालतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.  करुणानं पोरीला काखोटीला मारलं आणि घरात निघून गेली.

पुढच्या महिन्यात गोळ्या घेऊन आले, तर ताट वेगळं, बाज पडवीतच. गोपाळरावांना रागच आला. एवढा घसा कोरडा केला तो काय वाऱ्यावर?

"ताई, एवढं सांगितलं, तुमी ऐकलं काहून न्हाई?"

करुणा भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकलं की, सायेब. अन् तुमचा हातबी पाहिला. बोलणं शिकवून येतंय, हात शिकवून येत न्हाई. माझ्या घरात लेकरू हाय, मी हाताचं ऐकलं." मग हात धुऊन ती उभी राहिली. "एक विचारू? त्या दिशी तुमाला आमची जात आडवी आली, का सासूचा रोग?"

गोपाळरावांची कानशिलं तापली. जात नाही म्हणावं, तर रोगाला भ्यालो हे कबूल करावं लागत होतं. ज्याला भिऊ नका म्हणायचा पगार घेत होते, त्याच रोगाला. रोग नाही म्हणावं, तर उरलेलं उत्तर त्याहून ओंगळ. आणि खरं सांगायचं तर हात कशानं मागं फिरला, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. जन्मभर बोलून खाल्लेल्या माणसाला त्या दिवशी एक शब्द सापडला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ते बाजेवर बसू लागले. पहिला चहा काढ्यासारखा गिळला, आणि करुणानं तोही पाहिला. पुढं पुढं चहा चहासारखा लागू लागला. एकदा जनकाबाईचा बधिर हात हातात घेऊन बोटं तपासता तपासता ते पावसापाण्याच्या गप्पा मारत बसले, हात सोडायचं भानच राहिलं नाही. त्या आठवड्यात करुणानं बाज घरात घेतली.

गोळ्यांचा कोर्स संपला, तेव्हा गोपाळराव मुद्दाम साखऱ्याला गेले. म्हातारी बरी झाली होती, खूश होती. तिनं पेरू हातात धरून नातीला हाक मारली. संबोधी धावत आली आणि हातभर अलीकडंच थांबली.

"खाली ठेव, आजी."

"अगं घे की हातातून," करुणा म्हणाली. "काई होत न्हाई आता."

पोरगी हलली नाही. रोगाचं नावही तिला ठाऊक नव्हतं.  गोपाळरावांनी मान खाली घातली.

जनकाबाईनं पेरू जमिनीवर ठेवला आणि मागं सरकून बसली.

"असू द्या, सायेब," ती त्यांचीच समजूत काढत म्हणाली. "सवय झाली तिला. मलाबी झाली."