पिलबाग

पिंप्राळ्याच्या घरातून निघताना पत्नीने माझी पुस्तकांची पिशवी उचलून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "जित्याची खोड!" पुढचे मला पाठ आहे. मी स्वतः छापून घेतलेल्या कथासंग्रहाचे गठ्ठे वर्षभर आमच्या पलंगाखाली पडून होते, आणि तिथला केर तिलाच काढावा लागत होता.

आधी धुळे गाठले. एस.टी.च्या खिडकीची काच लागत नव्हती, त्यामुळे उतरलो तेव्हा भुवयासुद्धा धुळीने पांढर्‍या झाल्या होत्या. पुस्तकांच्या दुकानाचे मालक नाना यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवले. "बठ्ठा गठ्ठा तठेच शे, भाऊ." (सगळा गठ्ठा तिथेच आहे.) सुतळीची गाठसुद्धा मी मारलेलीच होती. नानांनी मग आग्रहाने शेवभाजी खाऊ घातली. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, ते सोयीचेच झाले.

दुसर्‍या दिवशी सावद्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि पुढे घडांनी भरलेला ट्रक, त्यामुळे गाडी रखडतच पोचली. स्टँडसमोरचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार मला पाहताच म्हणाला, "तुमचं पुस्तक संपलं! अजून वीस ठेवा."

अंगावर मूठभर मांस चढले. मग माझ्या पुस्तकाची रिकामी जागा दिसली. एका बाजूला फवारणीची माहितीपत्रके, दुसर्‍या बाजूला पंचांग.

"शेतकरीच नेतात," तो म्हणाला. "फक्त कव्हरवर केळीचा फोटो टाका, सगळी खपतील."

संग्रहाचे नाव 'पिलबाग'. केळीचा पहिला घड उतरला की बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर दुसरी बाग धरतात, ती पिलबाग. मी मात्र त्या नावाखाली माझ्या आईची गोष्ट लिहिली होती. गप्प बसावे असे अगदी मनापासून वाटले. वणवण करून फार दमलो होतो.

तेवढ्यात बाकावर बसलेले एक आबा उठले. "तुम्हीच का लिहिणारे? मी घेतलं ना ते. खता-पान्याचं काईच नाई त्यात."

"आबा, चूक झाली. परत घेतो," मी म्हणालो.

"परत काहून? बठ्ठं वाचलं मी. पन शेवट चुकला तुमचा. घड उतरला, झाड बुडापासून तोडलं, आईचं काम संपलं, असं लिहिलं तुम्ही. बुडापासून कोन तोडतं भाऊ? खोड उभं ठेवतो आम्ही. त्याचा रस पिलात उतरतो. पिल मोठं झालं, मंग ते वाळतं."

शेवटच्या आजारपणात, अंथरुणाला खिळलेली असतानाही, आई रोज विचारायची, "आज काही लिहिलंस का?" आणि मी वैतागायचो.

दुकानदाराला मी खरे सांगितले, गोष्टी आहेत म्हणून. त्याने वीसऐवजी दोनच प्रती ठेवून घेतल्या. त्याही मी आधी पेनाने दुरुस्त केल्या. परतीच्या गाडीत पिशवीतली एकेक प्रत काढून ते शेवटचे वाक्य खोडत बसलो. हादर्‍यांनी अक्षर वाकडे येत होते. खाली लिहीत होतो, 'खोड उभे ठेवले.'

दार उघडताच पत्नीला म्हटले, "पलंगाखालचे गठ्ठे काढू या."

तिचा चेहरा उजळला. "खपले?"

"नाही," मी म्हणालो. "नाही खपले, तेच बरं झालं."