गुणांचा रकाना

नोएडातल्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते, तिथे दिवसभर ब्राउझरमध्ये तक्ते उघडून इतरांच्या चुका सुधारणं हेच माझं काम होतं. त्यामुळे माझ्या लग्नाची स्थळं घरात ज्या जाडजूड फायलीत ठेवली जात, तिचा मला रागच यायचा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीजबिलालाही दफ्तरातल्या फायलीसारखा रंगीत चिठ्ठीचा फ्लॅग लागलेला असे. शेवटी मीच एक ऑनलाइन तक्ता बनवून दिला. पुण्याहून मावशी त्यात स्थळं भरायची, बाबा गुरुजींकडून पत्रिका जुळवून आणून गुणांचा रकाना भरणार होते, आणि दर रविवारी आई बाबांच्या खांद्यावरून वाकून निकाल देणार होती. अठराच्या खाली गुण म्हणजे विषय संपला.

ऑफिसात बसल्या बसल्या मला हे सगळं दिसायचं. मावशी आणि बाबा एकाच वेळी तक्त्यात शिरले की दोन रंगांच्या चौकटी एकमेकींच्या मागे पळायच्या. स्वतःच्या लग्नाची खटपट अशी लांबून बघायला मजा येते, हे कबूल करते.

अकरा स्थळं झाल्यावर बारावी ओळ मी स्वतः भरली. तो नागपूरचा, माझ्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा. 'कोणाकडून कळलं' या रकान्यात मी 'ओळखीतून' एवढंच लिहिलं. आईला सरळ सांगायची माझी छाती होत नव्हती. पत्रिकेपुढे ती कुणाचं ऐकत नसे. बाबांनी त्याला एकदा माझ्याबरोबर ऑफिसच्या गेटवर पाहिलं होतं.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी बाराही जणांचे गुण एकदम भरले. त्याच्यासमोर चौदा. सगळ्यांत कमी. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

शनिवारी पाहते तर त्याच्यासमोर एकतीस. आनंदानं मी खुर्चीतून उठलेच, आणि मग सवयीनं वरच्या ओळी पाहिल्या. गुण वरून खाली चढत गेलेले, नावं मात्र जागच्या जागी. तेवढा एकच रकाना क्रमानं लावला गेला होता. नवशिके हमखास हीच चूक करतात. पहिल्या ओळीतल्या, मावशीच्या लाडक्या दंतवैद्याला चौदा मिळाले होते आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांत मोठा आकडा. मला हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली.

रविवारी घरी आई खुशीत होती. "एकतीस! अगं, बिल्कुल सोडायचं नाही हे स्थळ. पहिले मुलाला बोलव."

बाबा अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, गुणांचा रकाना गडबडलाय. तेवढाच सॉर्ट झाला. आईला सांगून ठीक करू?"

"अच्छा? मला नाही कळत यातलं," ते म्हणाले. "फाईल वर जाऊन अप्रूव्ह झाली. आता वापस कशाला मागवायची?"

मला ते पटेना. आईला फसवून लग्न करायचं नव्हतं. सगळं पूर्ववत करायचं ठरवून सोमवारी ऑफिसात मी तक्त्यातल्या जुन्या बदलांची यादी उघडली. कुणी, कधी, काय बदललं ते तिथे ओळीनं दिसतं. बाबांनी आधी अख्खा तक्ता गुणांप्रमाणे लावून पाहिला होता, नावांसकट, अगदी बरोबर. मग ते रद्द केलं होतं. मग फक्त गुणांचा रकाना निवडून चढत्या क्रमानं लावला होता, म्हणजे सगळ्यांत मोठा आकडा शेवटच्या ओळीला.

मधे वीस मिनिटं गेली होती. आयुष्यभर सरकारी कागदावर एक खोटं अक्षर न लिहिलेला माणूस ती वीस मिनिटं पडद्यासमोर नुसता बसून होता.

मला रडू आलं. काही न बदलता मी तक्ता बंद केला, आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हटलं, "रविवारी घरी ये. आईनं बोलावलंय."