नळावरच्या तक्रारीचा जबाब

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात मी पालिकेच्या एका कचेरीत आवक-जावकची कारकून होते. येईल तो अर्ज घ्यायचा, नंबर घालायचा, शिक्का मारायचा. मागितल्याशिवाय कुणाला पोच द्यायची नाही अशी तिथली रीत. मी मात्र न मागता द्यायची. तेवढाच माझा शूरपणा.

नवी पेठेमागच्या एका बोळात भाड्याची खोली होती. खोली घेताना घरमालकीणबाईंनी जात विचारली आणि मी धडधडीत खोटं सांगितलं. आमचं आडनाव दहा जातींत सापडतं, त्यामुळे ते खपलं. बाई जीव लावायच्या. दुष्काळामुळे बोळातल्या सरकारी नळाला कसंबसं तासभर पाणी यायचं, तरी त्या रोज सकाळी ओरडायच्या, "पोरी, तुजी घागर आदी लाव की, हापिसाला उशीर व्हतोय!" मी घागर लावायची आणि बोळाच्या तोंडाकडे बघत राहायची. गावाकडचं कुणी समोर उभं राहिलं तर? आई माढ्याहून भेटायला येते म्हणाली की मी काहीतरी निमित्त काढून तिला थोपवायची. त्याची लाज आजही वाटते.

एका दुपारी पलीकडच्या वस्तीतली बाई अर्ज घेऊन आली. वस्ती माझ्याच जातीची. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं होतं: सरकारी नळाला आम्हाला हात लावू देत नाहीत, लांब उभं करतात, कुणी वरून ओतलं तरच पाणी मिळतं. नळ आमच्याच बोळातला होता.

"तुमीबी वतता की कदी कदी," ती म्हणाली. "तुमाला समदं ठावं हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच होतं ते. तिच्या हंड्यात मीही लांबूनच पाणी ओतलं होतं.

तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मी नक्कल उतरवली, शिक्का मारून तिच्या हातात दिली आणि जपून ठेवायला सांगितलं. तो कागद नसला, की अर्ज आलाच नव्हता असं कुणीही म्हणू शकतं. "चौकशीला निरीक्षक येतील. घाबरू नका, खरं ते सांगा," असंही वर म्हणाले. उपदेश करायला माझं काय जात होतं!

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. निरीक्षक बोळात जाऊन आले. इथे कुणालाच अडवत नाहीत, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. ती बाई एकटी पडली. अहवालाखाली बोळातल्या कुणा शिकल्यासवरल्याची सही हवी होती. निरीक्षकांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही तिथंच राहता, बरं झालं. करा सही, मिटवून टाकू."

पेन उघडलं. खोली जाणार, हे दिसत होतं. कचेरीत कोण काय म्हणेल, उद्या डबा कुणाबरोबर खायचा, सगळं एकदम डोक्यात आलं. शेवटी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: अडवतात. मी रोज पाहते. मला अडवत नाहीत, कारण मी जात खोटी सांगितली आहे. खाली खरी जात लिहिली आणि सही केली.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. माणूस भला, कागद फाडला नाही, फायलीला लावला. त्या जबाबावर पालिकेचा शिपाई सकाळी नळापाशी उभा राहू लागला आणि वस्तीतल्या बायका आपल्या हाताने पाणी भरू लागल्या.

माझ्या जबाबाची बातमी बोळात पोचली, पण घरमालकीणबाई भांडल्या नाहीत. मी सामान बांधत होते तेव्हा दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "लई जीव लावला हुता गं तुला." मग आत गेल्या. त्यांना गुडघेदुखी होती म्हणून पिण्याचं पाणी रोज मीच भरून ठेवायची. त्या दिवशीचाही हंडा काठोकाठ भरलेला होता. एवढ्या दुष्काळात तो त्यांनी माझ्यासमोर मोरीत ओतला.