झाकण पडलेली गिटार

गिटार हातात आली की दादा आधी तिला दात लावायचे.

अगदी खरोखर. गिटारच्या वरच्या शिंगावर, म्हणजे तिच्या अंगाच्या पुढे आलेल्या लाकडी टोकावर, पुढचे दात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि जाडी तार छेडायचे. ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला हमखास विचारायचा, "दादा, घरून जेवून नाही आले का?" दादा तोंड न उचलता नुसता हुंकार द्यायचे. मग मान वर करून म्हणायचे, "लागली." वादक आणि सरावाला नुसता ऐकायला जाणारा मी, आम्ही सगळे हसायचो. तुम्हीही हसला असता.

अंबडच्या आमच्या कंपनीत दादा प्रेस शॉपला होते. पत्र्यावर प्रेस पडला की तिथली जमीन हलते. कानांत घालायला बोळे मिळायचे; पण बोळे घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून जुनी माणसं ते खिशातच ठेवायची. मी क्वालिटीला. माझी केबिन काचेची. दार लावलं की प्रेस फक्त दिसतो. सायखेड्याच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि त्या काचेचा मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला सांगू.

दादा मूळचे सटाण्याकडचे. बोलता बोलता त्यांच्या 'आहे'चं 'शे' व्हायचं. कंपनीच्या गेटवर वॉचमन रोज त्यांची पिशवी तपासायचा. त्याच वॉचमनच्या मुलीची हळद ठरली, तेव्हा दादांनी वाजवावं म्हणून तो त्यांच्या मागे मागे फिरत होता. दादांनी त्याला बजावलं, "येईन. पण त्या दिवशी पिशवी तू उचलायची." आणि त्यानं उचलली. हळद असो की नवरात्र, स्टेजवर दादा वेगळेच दिसायचे. पाठ सरळ, मान ताठ. प्रेसवरच्या माणसाचा हा भाऊबिऊ असेल असं वाटावं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या केबिनचं दार ढकलून ते आत आले. "इंजिनिअर, गिटारवर झाकण पडेल शे रे भो. आवाज दबतो. पाहशील का?"

त्यांच्या गिटारला दोन जातींचे पिकअप होते. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक आणि त्याच्याभोवतीचं तारेचं वेटोळं. तारेची थरथर पकडून ते स्पीकरकडे पाठवतं. एक पिकअप एकेरी वेटोळ्याचा, पातळ आणि लख्ख आवाजाचा. दुसरा दुहेरी, भरदार. पुढे आवाज कमी-जास्त करायचं बटण, आणि त्या बटणाच्या पोटात पॉट, म्हणजे विजेला कमी-जास्त अडवणारा, फिरता रेझिस्टर. अडीचशे किलोओहमचा पॉट टाकला तर एकेरी गोड वाजतो, पण दुहेरी दबतो. पाचशेचा टाकला तर दुहेरी मोकळा होतो आणि एकेरी कानात टोचतो. हे मी दादांना समजावलं, तर म्हणाले, "म्हंजे दोन रुसलेल्या मेव्हण्यांले एकाच पंगतीत बसवायचं शे."

मी बसवलं. पाचशेचा पॉट टाकला, आणि एकेरी पिकअप निवडला की एक रेझिस्टर आपोआप जोडला जाईल अशी व्यवस्था स्विचमध्ये केली. मग त्या पिकअपला पॉट अडीचशेचाच भासतो. ते काम मी आजही कुणालाही उघडून दाखवीन. पुढच्या कार्यक्रमात गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "आज गिटार माझ्याबरोबर गातेय." माझी छाती फुगली.

दादा म्हणाले, "झ्याक झालं. थोडं झाकण शे अजून."

मी रेझिस्टर काढून टाकला. "अजून थोडं." मग मी पाचशेच्याही वरचा, एक मेगचा, म्हणजे हजाराचा पॉट टाकला. त्याहून जास्त आवाज उघडायला त्या गिटारमध्ये काही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात सरावाला ताईंनी कान धरले. "दादा, कानात सुई घालताय का?" ऑर्केस्ट्राचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, काहीतरी करा. लोक तक्रार करतात. नाहीतर नवरात्रात मला कीबोर्डवर भागवावं लागेल." म्हणजे दादांची स्टेजवरची जागा माझ्या सोल्डरिंगच्या टोकावर आली होती.

आणि त्याच सरावात माइकनं शिट्टी मारली. बारीक, लांबलचक, डोक्यात घुसणारी. ताई ओरडल्या, ढोलकीवाल्यानं कानांवर हात दाबले, मालक मिक्सरकडे धावले. दादा खुर्चीत बसून शांतपणे तार लावत होते. आम्ही सगळे असे का वागतोय, म्हणून हसून बघत होते.

मला एका क्षणात सगळं कळलं. शिंगावरचे ते दातसुद्धा: लाकडाची थरथर दातांतून हाडात, कानाला वगळून.

वडील मला नेहमी सांगायचे, शिकला आहेस तर खरं बोलत जा. दुसऱ्या दिवशी मी दादांना केबिनमध्ये बोलावलं, काचेचं दार लावलं आणि म्हणालो, "दादा, गिटार ठीक आहे. बिघाड तुमच्या कानांत आहे. तपासून घ्या."

हळू बोललो, आदरानं बोललो. पण बिघाड सापडला की मला जो आनंद होतो, तो तेव्हाही माझ्या आवाजात होता. दादांना शिट्टी ऐकू आली नव्हती. तो आनंद मात्र ऐकू आला असावा. ते म्हणाले, "बरं."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले, ते परत येत नाहीत. कानात घालायला मिळालेल्या यंत्रातून बोलणं समजायचं, पण गिटार पत्र्यासारखी वाजायची. "दिवसभर पत्रा, रात्री पण पत्रा," दादा हसत म्हणाले. नवरात्राआधी त्यांनी स्वतःच ऑर्केस्ट्रा सोडला. मालकांना काही बोलावं लागलं नाही. कान तपासायला मी सांगितलं त्यात चूक नव्हती, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा गिटार घेऊन माझ्या घरी आले. "ठेव तुझ्याकडे. पॉट बदलून घे. तुझ्या कानाला गोड लागेल तो टाक."

मला राहवलं नाही. "दादा, दात लावायचात म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

"माले माहीत व्हतं रे भो. दाताला सगळं ऐकू यायचं."

"मग माझ्याकडून सारखे पॉट का बदलून घेत होतात?"

त्यांनी माझ्या बायकोनं दिलेला चहा संपवला, कप खाली ठेवला.

"तू बदलत होता तवर बिघाड गिटारमध्ये व्हता."

रागानं नाही. दारात चपला घालताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. नंतर फोन केला मी. त्यांची सून बोलते, बरे आहेत म्हणते. फोनवर त्यांना नीट समजत नाही.

गिटार माझ्याकडेच आहे. एक मेगचा पॉट तसाच आहे. वाजवली की टोचते. बायको म्हणते, "अहो, एवढे शिकलात, तेवढं टोचणं काढून टाका की." नवा पॉट आणून ठेवलाय. बसवत नाही.

वरच्या शिंगावरचं पॉलिश दोन दातांएवढं उडालंय. परवा घरी कुणी नव्हतं. मी कंपनीतले बोळे कानांत घातले, तिथे माझे दात टेकवले आणि जाडी तार छेडली.

आवाज डोकंभर पसरला. झाकण कुठेच नव्हतं.