दिवा निवेपर्यंत

गोरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकली होती. पुढे कांद्याचे ट्रक, मागे नव्या गाड्या लादलेले कंटेनर. सकाळी अंगणात चहा घेताना हृदयविकाराचा झटका... बस हलली तरी मी फोन कानाला धरूनच बसले होते.

मैदानांवर लागतात तसले मोठे वायूचे दिवे पेटवणारा इग्निटर, म्हणजे दिव्याला सुरुवातीचा जोरदार विजेचा धक्का देणारी डबी, आमच्या छोट्या कंपनीत बनते. सर तिथल्या चाचणी विभागाचे प्रमुख, जवळच्याच गावातल्या शेतकरी घरातले. मी मराठवाड्यातल्या लहान गावात शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. काम येत होतं, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की नजर जमिनीकडे जायची. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ग्राहकासमोर चाचणी समजावून सांगता आली नाही तर ती होणारही नव्हती.

तापलेला दिवा विझला की लगेच पुन्हा पेटत नाही. आतल्या वायूचा दाब इतका वाढलेला असतो की थंड दिव्याला सहज पेटवणारी ठिणगी तेव्हा पार जाऊ शकत नाही. दिवा निवेपर्यंत थांबावंच लागतं. त्या वेळात बाकीचे मोबाइल काढत. सर मला समोर उभं करत.

"बोल. दिवा पेटला की सुटलीस."

"काय बोलू, सर?"

"काय बी. गावच्या बाजाराचं सांग, भांडणाचं सांग. पण माझ्याकडं बघून. जमिनीत काय पुरलंय का?"

असं बोलत बोलत माझी भीड चेपली. कुठल्याही वर्गात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा ग्राहक कंपनीचे साहेब पाहणीला आले. चाचणी चालू असतानाच वीज क्षणभर गेली आणि दिवा विझला. वीज आल्यावर साहेबांनी स्वतःच बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. "गोरे, राव, तुमचा माल तर गेला!"

सर हसले. "मॅडम सांगतील."

त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. दिवा का पेटत नाही ते मी साहेबांकडे बघून सांगत राहिले. "अजून किती थांबायचं?" त्यांनी विचारलं. "चहा होईल तेवढ्यात, सर." चहा संपल्यावर मी बटण दाबलं. काळ्या काचेमागे दिवा आधी फिकट निळसर झाला, मग हळूहळू पांढरा. पुढचे सगळे प्रश्न साहेबांनी मलाच विचारले. नोकरी कायम झाली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "पेढे चांगल्या दुकानातले आण. मागच्या पेढ्यांनी दात हललेत माझे."

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नी त्यांचा डबा आणि स्वेटर न्यायला आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. "एवढी वर्सं हितं काय करायचे, ते दाखव की," म्हणाल्या. मी दिवा पेटवला, तापू दिला, विझवला आणि पुन्हा बटण दाबलं. पेटला नाही. का, ते सांगितलं. "आता तो निवेपर्यंत थांबायचं, काकू."

त्या सरांच्या स्टुलावर बसून विझलेल्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग एकदम हसल्या. "म्हंजे मी चिडले की हे गप भिंतीकडं बघत बसायचे, ते हितनं शिकले व्हय!"

आणि त्या सरांविषयी बोलू लागल्या... दिवा केव्हाच निवला असेल. मी बटणाला हात लावला नाही. त्यांचं बोलणं अजून चालू होतं.